सातवी फळी

आमच्या दुकानाला लोखंडी शटर नव्हते. गोव्याच्या फोंडा तालुक्यातल्या जुन्या दुकानांना असत तशा फणसाच्या लाकडाच्या नऊ फळ्या होत्या. रोज रात्री त्या उंबऱ्याच्या आणि वरच्या चौकटीच्या खाचेत एकेक करून सरकवायच्या, मग आडवा लोखंडी दांडा घालून कुलूप लावायचे. क्रम चुकला तर शेवटची फळी बसत नसे, म्हणून बाबांनी प्रत्येक फळीच्या आतल्या बाजूला पांढऱ्या रंगाने आकडा घातला होता. त्यांतली सातवी फळी पावसाळ्यात फुगायची. जुलै-ऑगस्टात ती बसवायला दोन माणसे लागत. बाबा आतून ओढत आणि मी बाहेरून खांद्याने रेटत असे. वाड्यावरचे लोक त्या दुकानाला पोसरो म्हणत. उकडे तांदूळ, खोबरेल, साबण, रॉकेल, माडाचा गूळ, सुकी मिरची, वह्या-पेन्सिली असे सगळे तिथे मिळे, आणि त्यातले निम्मे तरी उधारीवर जाई.

२०२० च्या मे महिन्याच्या अखेरीस टाळेबंदीमुळे आम्ही सगळे घरात होतो, आणि दिवसभर चालू असलेल्या टीव्हीवर अमेरिकेतल्या मिनिआपोलिस शहराची दृश्ये येऊ लागली. २५ मे रोजी तिथे जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय माणसाला वीस डॉलरची खोटी नोट दिल्याच्या संशयावरून पोलिसांनी पकडले, आणि डेरेक शॉविन या पोलिसाने त्याला रस्त्यावर पालथा पाडून नऊ मिनिटांहून अधिक वेळ त्याच्या मानेवर गुडघा दाबून धरला. त्यात त्याचा जीव गेला. पोलिसांच्या पहिल्या निवेदनात गुडघ्याचा उल्लेखच नव्हता. वैद्यकीय कारणाने एक माणूस दगावला, एवढाच त्याचा अर्थ होता. एका सतरा वर्षांच्या मुलीने तो प्रसंग मोबाइलवर टिपला नसता तर ते निवेदनच खरे मानले गेले असते. तीन दिवसांनी, २८ मेच्या रात्री, त्या भागातले पोलीस ठाणे जळत होते, आणि लेक स्ट्रीट या रस्त्यावरच्या दुकानांतून लोक हाताला लागेल ते उचलून नेत होते.

माझा भाचा तेव्हा कायद्याचा विद्यार्थी होता. तो म्हणाला, "मावशी, दुकानाला विमा असतो, माणसाला नसतो. गेलेला जीव कोण भरून देणार?" त्याच्या आवाजात कळकळ होती आणि त्याचे म्हणणे मला खोडूनही काढता येईना. कोपऱ्यातल्या खुर्चीत बसलेल्या, चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाबांनी मात्र पडद्यावरची नजर न हलवता विचारले, "ते दुकान कोणाचे, ते आधी सांग."

भाच्याला तो प्रश्न मालमत्तेची बाजू घेणारा वाटला. मला तसा वाटला नाही, कारण तो कुठून आला हे मला माहीत होते.

आमच्याच तालुक्यातल्या केरी गावच्या पठारावरचे आंदोलन झाले तेव्हा मी अकरावीत होते. ड्यूपाँट आणि थापर या कंपन्यांचा नायलॉन ६,६ चा कारखाना तिथे उभा राहणार होता. पाणी, जमीन आणि झरे यांचे काय होईल या काळजीने आजूबाजूचे गाव पेटून उठले होते. १९९५ च्या जानेवारीत पोलिसांनी आंदोलकांवर गोळीबार केला आणि त्यात नीलेश नाईक हा तरुण ठार झाला. त्यानंतर संतापलेल्या लोकांनी कंपनीच्या मालमत्तेची मोडतोड केली. कारखाना शेवटी गोव्यात झाला नाही, तो तामिळनाडूत गेला. त्या दिवसांत आमच्या दुकानाच्या पायरीवर बसून माणसे तासन्‌तास बोलत असत, आणि ज्यांनी आयुष्यात कधी कोणावर हात उगारला नव्हता अशी वयस्क माणसेही त्या मोडतोडीबद्दल खेद व्यक्त करताना मी ऐकली नाहीत. मी तेव्हाही त्याला लूट म्हटले नाही आणि आजही म्हणणार नाही. तिथून कोणी काही घरी नेले नव्हते, आणि जे मोडले ते त्याच प्रकल्पाचे होते ज्याच्यासाठी गोळी चालली होती. ते योग्य होते का, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याचे ठाम उत्तर मला आजही देता येत नाही. पण रागाला आपला पत्ता ठाऊक होता, एवढे मी म्हणेन.

त्यानंतर दोनेक वर्षांनी आमच्या बाजारात जे घडले त्यात रागाचा पत्ता चुकला.

गोव्यात भाड्याची मोटरसायकल चालवणाऱ्यांना पायलट म्हणतात. आमच्या स्टँडवरच्या एका तरुण पायलटाला कागदपत्रांवरून झालेल्या बाचाबाचीनंतर पोलिसांनी चौकीवर नेले आणि रात्रभर ठेवले. सकाळी त्याला सोडले तेव्हा त्याचा उजवा हात मनगटाजवळ मोडला होता आणि त्याला धड उभे राहता येत नव्हते. मोटरसायकलवरून पडून जखमी, अशी नोंद झाली होती. त्याची मोटरसायकल मात्र आदल्या संध्याकाळपासून चौकीसमोरच उभी होती आणि तिच्यावर ओरखडाही नव्हता, हे सगळ्या बाजाराने पाहिले होते. दुसऱ्या दिवशी पायलटांनी चौकीवर मोर्चा नेला. लाठीमार झाला. पळणारा जमाव बाजारातून मागे आला, त्यात मोर्चात नसलेलेही कितीतरी जण मिसळले, आणि कोणीतरी पहिला दगड मारला.

बाबा फळ्या लावत होते. सहा लागल्या होत्या. पाऊस होता आणि सातवी बसेना. मी बाहेरून रेटत होते तेवढ्यात गर्दी दुकानापर्यंत आली, आणि बाबांनी मला हाताला धरून आत ओढून घेतले. तीन फळ्यांच्या त्या फटीतून लोक आत शिरले. फार वेळ लागला नाही, पाच-सात मिनिटांत सगळे संपले. उकड्या तांदळाचे दीड पोते, साबणाची दोन खोकी, सिगारेटची पाकिटे, बिस्किटांचा मोठा डबा, खोबरेलाच्या बाटल्या. काचेच्या बरण्या फुटून मिरची आणि साखर जमिनीवर एक झाली होती. माझ्या वर्गात शिकलेला एक मुलगा बिस्किटांचा डबा छातीशी धरून बाहेर पडत होता. त्याने माझ्याकडे पाहिले, मी त्याच्याकडे. त्याच्या चेहऱ्यावर राग मुळीच नव्हता. जत्रेतल्या गर्दीत सापडलेल्या मुलासारखा गोंधळलेला, काहीसा उत्साही असा तो चेहरा होता. तो चेहरा मी विसरू शकलेले नाही, कारण लुटीचे समर्थन करणारे नेहमी संतापाबद्दल बोलतात आणि मी जी लूट पाहिली तिच्यात संताप उंबऱ्याबाहेरच राहिला होता.

गर्दी गेल्यावर बाबांनी तांदळाकडे पाहिलेही नाही. त्यांनी विचारले, "वही खंय आसा, बाय?"

ती उधारीची वही होती. लांबट, लाल कापडी बांधणीची. तिच्यात गिऱ्हाइकांची खरी नावे क्वचितच असत. वडाकडचा, पदेर (म्हणजे पाववाला), मास्तर, शिवणकामवाली अशी पाने होती. एका पानावर नुसते पायलटाची आई असे लिहिलेले होते, आणि हाच तो मार खाल्लेला पायलट. वही आम्हाला गटाराच्या कडेला सापडली. बाबा शाईच्या पेनाने लिहीत असत, त्यामुळे पावसाने पानापानावर निळा डाग तेवढा उरला होता. साठेक घरांचा हिशेब धुऊन गेला होता, आणि चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, महिनाभरावर आली होती. आमच्याकडे चवथीपूर्वी माणसे मागची बाकी शक्य तेवढी फेडतात आणि चवथीसाठी नवी उधारी करतात. वही नसेल तर दुकानदार दोन्हीकडून बुडतो.

महाराष्ट्राच्या इतिहासात वही-रोख्यांवर चालून गेलेल्या जमावाची एक मोठी गोष्ट आहे, आणि ती मला त्या दिवसापासून वेगळी दिसू लागली. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी, बाजाराच्या दिवशी, शेतकऱ्यांनी सावकारांवर हल्ला केला. तिथे माललूटही झाली. पण तो वणवा पुणे आणि अहमदनगर जिल्ह्यांत पसरला तेव्हा गावोगावच्या जमावाची मुख्य मागणी एकच होती, की कर्जरोखे बाहेर काढा. रोखे हाती आले की त्यांची होळी व्हायची. सावकाराच्या जिवाला धोका पोचल्याची उदाहरणे त्या मानाने फार थोडी. सरकारला चौकशी आयोग नेमावा लागला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा झाला. ज्या कागदाने शेतकऱ्याची जमीन गिळली तोच कागद त्यांनी जाळला. आमच्या गटारात भिजलेली वहीसुद्धा उधारीचाच कागद होता, पण तिच्यावर व्याज नव्हते, अंगठे नव्हते, जप्तीची भीती नव्हती. एकाच प्रकारच्या दोन कागदांमध्ये केवढे अंतर असू शकते, आणि ते धावत्या जमावाला दिसत नाही. सुप्याच्या शेतकऱ्यांना ते दिसले होते, कारण ते आपल्याच छळाचा कागद शोधत होते.

मराठी मनाला लूट या शब्दाचे भय तसे कमीच आहे. दसऱ्याला आपण आपट्याची पाने वाटतो आणि त्याला सोने लुटणे म्हणतो. १६६४ ची सुरतेची लूट आपण शाळेत अभिमानाने शिकतो, आणि त्या प्रसंगीही कपुचिन पाद्र्यांच्या मठाला हात लावला गेला नाही, हे त्याच अभिमानाने सांगतो. याचा अर्थ राजकारणातल्या, युद्धातल्या लुटीबद्दल बोलतानासुद्धा आपण मनातल्या मनात बाबांचाच प्रश्न विचारत असतो, की कोणाच्या दारात गेले आणि कोणाचे दार वगळले.

म्हणून लुटीचे समर्थन कधीच होऊ शकत नाही, असे एका वाक्यात सांगून मोकळे व्हावे असे मला वाटत नाही. २०२० च्याच ऑक्टोबरमध्ये नायजेरियात पोलिसांच्या एका पथकाविरुद्ध तरुण रस्त्यावर आले. त्या पथकाचे नाव स्पेशल अँटी-रॉबरी स्क्वॉड, म्हणजे दरोडे रोखण्यासाठीच ते स्थापलेले, आणि तरुणांना अडवून पैसे उकळणे, छळ करणे, ठार मारणे हे आरोप त्याच पथकावर होते. २० ऑक्टोबरला लागोसच्या लेक्की टोलनाक्यावर शांतपणे बसलेल्या निदर्शकांवर गोळ्या झाडल्या गेल्या. पुढच्या काही दिवसांत लागोससह अनेक शहरांत लोकांनी गोदामे फोडली, आणि त्या गोदामांत साथीच्या काळात गरिबांना वाटण्यासाठी आलेले धान्य व खाद्यपदार्थ न वाटता पडून होते. खांद्यावर पोती घेऊन जाणाऱ्या त्या बायाबापड्यांना लुटारू म्हणताना माझी जीभ अडखळते. ते धान्य त्यांच्याच नावाने आले होते. तिथे कोणाचे, या प्रश्नाचे उत्तर त्यांच्याच बाजूने लागते.

पण बहुतेक वेळा ते तसे लागत नाही. २९ एप्रिल १९९२ रोजी, रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला बेदम मारणाऱ्या पोलिसांना न्यायालयाने दोषमुक्त केले आणि लॉस एंजेलिस पेटले. पन्नासहून अधिक माणसे मेली. त्या मारहाणीची चित्रफीत सगळ्या जगाने पाहिली होती, तेव्हा संतापाला कारण पुरेपूर होते. पण तो संताप फार मोठ्या प्रमाणावर कोरियन स्थलांतरितांच्या दुकानांवर जाऊन आदळला. दोन हजारांहून अधिक कोरियन दुकानांचे नुकसान झाले. त्यामागेही एक जखम होती. वर्षभरापूर्वी लताशा हार्लिन्स या पंधरा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलीला एका कोरियन दुकानदार बाईने रसाच्या बाटलीवरून झालेल्या झटापटीत मागून गोळी घातली होती आणि त्या बाईला तुरुंगवास झाला नव्हता. हे सगळे मान्य करूनही, त्या दोन हजार दुकानदारांतल्या एकाच्या गुन्ह्याची किंमत उरलेल्यांनी का मोजायची, याचे उत्तर मला कोणाच्याच युक्तिवादात सापडलेले नाही. पोलिसांनी माणसाला त्याच्या रंगावरून गुन्हेगार ठरवले याचा तो निषेध होता; आणि जमावाने दुकानदाराला त्याच्या वंशावरून गुन्हेगार ठरवले.

आपल्याकडे असे होत नाही, असे मला कोणी सांगू नये. २००६ च्या मार्चमध्ये गोव्यातल्याच सावर्डे-कुडचडे परिसरात मुसलमानांची दुकाने फोडली आणि जाळली गेली. तिथे पोलिसांच्या अत्याचाराचा प्रश्नही नव्हता. गर्दीला निमित्त लागते आणि ते खरे असले काय, खोटे असले काय, उघड्या दुकानासमोर पोचल्यावर तिचे हात सारखेच चालतात. न्याय्य कारणासाठी निघालेल्या मोर्चाने म्हणूनच या हातांची सर्वांत जास्त काळजी केली पाहिजे.

भाच्याने त्या संध्याकाळी मला जो सर्वांत अवघड प्रश्न विचारला तो इथे टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. तो म्हणाला, "ठाणे २८ तारखेला जळले आणि शॉविनला अटक २९ तारखेला झाली. जाळपोळ झाली नसती तर ती झाली असती?" तारखा बरोबर आहेत. चारही पोलिसांना २६ लाच नोकरीवरून काढले होते, तेव्हा गोष्ट पुढे सरकली होती हेही खरे. पण त्या आगीचा अटकेशी काडीचाही संबंध नव्हता असे मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. केरीच्या मोडतोडीचा कंपनी निघून जाण्याशी संबंध नव्हता असेही म्हणू शकत नाही. सत्तेला सभ्य भाषेतली निवेदने ऐकू येत नाहीत आणि काच फुटली की ऐकू येते, हा अनुभव साऱ्या जगाचा आहे आणि त्याची लाज सत्तेला वाटली पाहिजे. ज्यांचे कोणी ऐकत नाही त्यांची भाषा म्हणजे दंगल, असे मार्टिन ल्यूथर किंग म्हणाले होते, ते याच अर्थाने. हे वाक्य आज सगळे उद्धृत करतात. पण त्याच भाषणांत ते दंगलीचा निषेधही करत होते, आणि ज्या परिस्थितीतून दंगल जन्मते तिचा तितक्याच जोराने निषेध करा, असे बजावत होते. मला त्यांची ही दुहेरी सक्ती पटते. कोठडीतल्या मृत्यूबद्दल आयुष्यात एक शब्द न काढलेल्या माणसाने फुटलेल्या काचेबद्दल हळहळ व्यक्त केली, तर मला त्या हळहळीची किळस येते. पण ठाणे जाळणे आणि शेजारचे दुकान लुटणे यांना एकाच आगीची धग म्हणणेही मला मान्य नाही. ठाण्याच्या आगीने सत्तेला काही कळवले असेल. साबणाच्या खोक्याने कोणालाच काही कळवले नाही.

आणि विम्याचे म्हणाल, तर २०२० च्या त्या उद्रेकात अमेरिकेतल्या विमा कंपन्यांवर पडलेला बोजा शंभर ते दोनशे कोटी डॉलरच्या घरात असावा, असा अंदाज होता. एवढा मोठा आकडा ऐकला की सगळे भरून निघाले असे वाटते. पण लेक स्ट्रीटवरच्या कितीतरी लहान दुकानदारांचा विमा अपुरा होता, आणि त्यांतले पुष्कळ जण स्वतःच स्थलांतरित, स्वतःच गरीब वस्तीतले होते. आमच्या दुकानाला विमा नव्हता. विमा ही गोष्ट ट्रकला असते, एवढेच बाबांना माहीत होते.

त्याच रस्त्याजवळ गांधी महाल नावाचे एक उपाहारगृह होते. त्याचे मालक मूळचे बांगलादेशचे. आंदोलनात जखमी झालेल्यांवर त्या जागेत उपचार होत होते. जवळचे ठाणे पेटले त्या रात्री तेही जळाले. माझी इमारत जळू दे, पण न्याय झाला पाहिजे, असे मालक फोनवर म्हणत होते, ते त्यांच्या मुलीने ऐकले आणि जगाला सांगितले. भाच्याने ते मला विजयी मुद्रेने वाचून दाखवले. मला गहिवरून आले, पण माझे उत्तर बदलले नाही. ते वाक्य म्हणण्याचा अधिकार त्या एका माणसाचा होता. तुझे दुकान जळू दे, असे त्याला दुसऱ्या कोणी म्हणून पाहावे. शब्द तेच राहतील आणि अर्थ उलटा होईल.

आमच्या बाबतीत पुढे काय झाले, ते सांगायचे राहिले. लुटीच्या तिसऱ्या दिवशी एक हवालदार पंचनाम्यासाठी आला. त्याने फळ्या मोजल्या, फुटलेल्या बरण्या मोजल्या, आणि मग स्टुलावर बसून बाबांना म्हणाला की पायलटांपैकी कोण कोण आत शिरले त्यांची नावे द्या, म्हणजे तुमची भरपाई आम्ही बघतो. मोर्चात पायलट पुढे होते. आमच्या दुकानात शिरलेल्यांत मी एकही पायलट पाहिला नव्हता. बाबांनी आत शिरलेल्यांपैकी निदान तिघांना नावानिशी ओळखले होते, मला माहीत होते. ते म्हणाले, "गर्दी होती, पाऊस होता. कोणी ओळखू आले नाही." हवालदाराने पुन्हा विचारले. बाबांनी पुन्हा तेच सांगितले.

मी तेव्हा त्यांच्यावर फार चिडले. आज मला वाटते की त्या स्टुलावरच्या माणसाला आमच्या तांदळाची नव्हे, आमच्या तांदळाच्या उपयोगाची काळजी होती, आणि बाबांनी ते ओळखले. लुटीच्या दिवसापासून बाजारात मोडलेल्या मनगटाविषयी कोणी बोलेनासे झाले होते. वर्तमानपत्रात बाजारात लूट असा मथळा होता आणि मारहाण शेवटच्या ओळीत आली होती. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात राज्य राखीव पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मेले, तेव्हा जमाव गॅसचे टँकर पेटवणार होता असे कारण पुढे केले गेले. चौकशी करणाऱ्या गुंडेवार आयोगाने तो गोळीबार असमर्थनीय ठरवला, पण टँकरची ती गोष्ट कितीतरी दिवस लोकांच्या तोंडी राहिली. पोलिसांच्या हातून माणूस मेला की त्यांना एखादा टँकर हवा असतो, एखादे लुटलेले दुकान हवे असते. लुटणारा ते आयते पुरवतो, आणि मार खाल्लेला माणूस दुसऱ्यांदा मार खातो. लुटीविरुद्ध माझा सर्वांत मोठा आक्षेप हाच आहे, आणि तो दुकानदाराची मुलगी म्हणून नाही, त्या पायलटाची शेजारीण म्हणून आहे.

२०२० च्या जूनमध्येच तामिळनाडूत सात्तानकुळम येथे मोबाइलचे दुकान टाळेबंदीच्या वेळेनंतर उघडे ठेवल्याच्या आरोपावरून जयराज आणि त्यांचा मुलगा बेनिक्स यांना पोलिसांनी पकडले, आणि कोठडीतल्या मारहाणीनंतर ते दोघेही काही दिवसांत मरण पावले. त्या वेळी तामिळनाडूतल्या व्यापाऱ्यांनी निषेध म्हणून आपली दुकाने बंद ठेवली. स्वतःच्या हाताने ओढलेले शटर सत्तेला नक्की किती ऐकू जाते, कोणास ठाऊक. पण त्या बंद दुकानांपुढे कोणालाही टँकरची गोष्ट रचता आली नाही.

आणि भरपाईचे काय? इंग्लंडमध्ये १८८६ साली एक कायदा झाला होता, ज्याप्रमाणे दंगलीत नुकसान झालेल्याला पोलिसांच्या निधीतून भरपाई मिळे, कारण शांतता राखणे हे त्यांचे काम होते आणि ते चुकले होते. २०११ साली मार्क डगन या तरुणाला पोलिसांनी गोळी घातल्यानंतर लंडन पेटले तेव्हाही तो कायदा लागू होता. आपल्याकडचा ओघ २००९ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्देशांपासून नुकसान करणाऱ्यांकडून आणि आंदोलनाच्या आयोजकांकडून वसुली करण्याकडे आहे. करणाऱ्याने भरावे यात गैर काही नाही. पण ज्या चौकीतल्या मारहाणीतून सगळे सुरू झाले तिचा वाटा त्या हिशेबात कुठेच धरला जात नाही, आणि बाबांसारखा दुकानदार दोघांच्या मध्ये रिकाम्या हाताने उभा राहतो. मला तो जुना इंग्रजी कायदा अधिक न्यायाचा वाटतो.

पायलटाची आई आठवड्याने दुकानात आली. तिने स्वतःहून सांगितले की वहीत तिच्या नावावर एकशे बेचाळीस रुपये होते, मुलाचा हात बरा होईपर्यंत थांबा, चवथीपर्यंत देते. पदेर आला, मास्तर आले. आपापला आकडा सांगून गेले. काही जण आले नाहीत. बिस्किटांचा डबा नेणारा मुलगा दोन महिने आमच्या रस्त्याने गेलाच नाही, आणि मग एक दिवस आईने पाठवले म्हणून साखर घ्यायला आला. बाबांनी साखर बांधून दिली.

त्या संध्याकाळी, टीव्हीवर मिनिआपोलिस चालू असताना, बाबांनी मला कपाटातून लुटीच्या वर्षीची नवी वही काढायला लावली. दुकान बंद होऊन बारा वर्षे झाली होती, पण वह्या त्यांनी जपून ठेवल्या होत्या. ही वही बॉलपेनने लिहिलेली होती. त्यांनी पहिलेच पान उघडून भाच्याच्या हातात दिले. वर लुटीची तारीख होती. खाली लिहिले होते: तांदूळ दीड पोते, साबण खोकी दोन, बिस्किटांचा डबा एक, येणे. नावाच्या जागी काहीच नव्हते.

"आजोबा, हे कोणाकडून येणे?" भाच्याने विचारले.

बाबांनी उत्तर दिले नाही. मी मात्र त्याच पानाच्या तळाशी पाहत होते. तिथे पायलटाची आई, एकशे बेचाळीस, असे लिहून त्यावर आडवी रेघ मारलेली होती. ते पैसे आले होते की बाबांनी सोडून दिले होते, हे रेघेवरून कळत नव्हते, आणि मी विचारले नाही.